तिसरं पाणी

शालनताईंनी पहिल्याच दिवशी माझा हात मागितला, तेव्हा मला वाटलं इथं हात मिळवून स्वागत करायची पद्धत असेल. त्यांनी हात घेतला, उलटा केला, नखं पाहिली आणि पाचही बोटं एका काचेच्या बशीतल्या पिवळसर खळीवर टेकवायला लावली. मग बशीला झाकण घातलं, त्यावर माझं नाव लिहिलं आणि बशी इनक्युबेटरमध्ये ठेवून दिली.

"बुधवारी बघू तुम्ही कोण ते," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी बशी माझ्यासमोर धरली. पाच बोटांच्या जागी पाच गावं वसली होती. करंगळीखाली पांढरे बारीक ठिपके, मधल्या बोटाखाली एक सुरकुतलेली चकती, आणि अंगठ्याखाली सोनेरी, चकचकीत, टपोरं असं काहीतरी. मी त्या सोमवारी घरून साबणानं हात धुऊन निघालो होतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं. त्या दुपारी मी डबा चमच्यानं खाल्ला, आणि चमचाही आधी नीट पाहून घेतला.

हा हात देण्याचा कार्यक्रम दर सोमवारी असे. साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत कुणाला सुटका नव्हती.

महामार्गापासून आत, वरवे बुद्रुकच्या शिवारात, एका पत्र्याच्या शेडच्या मागच्या अर्ध्या भागात आमची प्रयोगशाळा होती. पुढच्या भागात बाटल्यांची झाकणं बनत आणि त्या यंत्रांचा ठकठकाट दिवसभर भिंतीतून येई. आमच्याकडे जनावरांची औषधं तपासायला येत. गाई-म्हशींची इंजेक्शनं, सडात सोडायची मलमं, कोंबड्यांच्या पाण्यात टाकायच्या पुड्या. लहान कंपन्या प्रत्येक बॅचच्या थोड्या बाटल्या पाठवत, त्यात जंतू नाहीत असं आम्ही लिहून दिलं की माल दुकानात जाई.

मी भोरचा. तिथल्या कॉलेजात तासिकेवर जीवशास्त्र शिकवत होतो. ते तास बंद झाले म्हणून इथं आलो. माझं काम जंतूंचा स्वयंपाक. त्यांना वाढायला लागणारा रस्सा मापानं शिजवायचा, नळ्यांत भरायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, घालून निर्जंतुक करायचा. ज्यांना मारायचं त्यांच्यासाठीच इतकं निगुतीनं रांधायचं, याची मला सुरुवातीला गंमत वाटे. शालनताई मला मास्तर म्हणत. त्यात थोडा मान होता आणि बरीचशी चेष्टा.

त्या जागेत सगळेच भित्रे होते, फक्त प्रत्येकाची भीती वेगळी होती. साहेब म्हणजे आमचे मालक, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. ते तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना भीत. मावशी ऑटोक्लेव्हच्या वाफेला भीत. शालनताई न दिसणाऱ्याला भीत. आणि मी शालनताईंना भीत असे.

दिसायला त्या भीती वाटावी अशा मुळीच नव्हत्या. पंचेचाळिशीच्या, काटकुळ्या, माझ्या खांद्यालाही न लागणाऱ्या. दोन्ही हातांत दोन-दोन काचेच्या बांगड्या. तपासणीच्या दिवशी त्या बांगड्या कोपराच्या वर सरकवून चिकटपट्टीनं बांधून टाकत, आणि दिवसभरानं पट्टी काढली की दंडावर लाल वळ उठलेले असत. त्या दिवशी आंबवलेलं काही खायचं नाही, हा त्यांचा नियम. दही नाही, ताक नाही, इडली नाही, पाव तर नाहीच. आम्हीही खायचं नाही. कुणी खाल्लं असेल तर ते त्यांना कळे, कसं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. "मास्तर, आज तुम्ही त्या काचेच्या पलीकडंच बसा," असं म्हणत आणि मी सकाळचा ब्रेड आठवून निमूट बाजूला होई.

कुणी "काही नाही, सगळं साफ आहे" असं म्हटलं की त्यांना राग येई. "साफ हाय म्हणू नका. आपल्याला दिसलं न्हाई म्हणा." एरवी त्या माझ्याइतकंच छापील बोलत, बी.एस्सी. झालेल्या होत्या. पण भीती वाटली की त्यांची भाषा माहेरी जाई. माहेर वेल्ह्याच्या वर, केळदच्या वाटेवरच्या एका वाडीत. सासर मार्गासनीला. तिथून एसटीनं नसरापूर आणि तिथून मिळेल त्या गाडीनं वरवे. इतक्या वर्षांत त्यांना कधी उशीर झाला नाही.

एकदा त्यांनी घरीही बशा ठेवल्या होत्या. आमच्याकडे खोलीतली हवा तपासायला उघडी बशी तासभर तशीच ठेवतात, हवेतून काय पडतं ते तिच्यावर उगवतं. शालनताईंनी तीन बशा घरी नेल्या. एक गोठ्यात ठेवली, एक चुलीपाशी, एक देवघरात. परत आणून इनक्युबेटरमध्ये ठेवलेल्या बशा दोन दिवसांनी बाहेर काढल्या तर सगळ्यांत जास्त पीक देवघरातल्या बशीवर. जुनी फुलं, ओलं वस्त्र, तीर्थाची वाटी, कारणं साधी होती. पण त्यांनी ती बशी रुमालात गुंडाळून घरी नेली आणि सासूबाईंना दाखवली. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. मी विचारलं, मग आता तीर्थ घेता की नाही? त्या म्हणाल्या, "घेते की. पण लई भीत घेते."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत. हसलो मीच.

आता थोडं कामाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजेक्शनात जंतू आहेत का हे पाहायचं तर ते औषध एका कागदासारख्या पातळ गाळणीतून ओढून घ्यायचं. औषध खाली जातं, जंतू असला तर गाळणीवर अडकतो. ती गाळणी रश्शाच्या नळीत टाकायची आणि चौदा दिवस उबेत ठेवायची. रस्सा गढूळ झाला तर बॅच गेली, स्वच्छ राहिला तर पास. अडचण एकच असते. औषध टिकावं म्हणून त्यात जे जंतुनाशक घातलेलं असतं, ते गाळणीलाही चिकटून बसतं. ते तिथं राहिलं तर जंतू मरत नाही, नुसता झोपून राहतो. नळी चौदा दिवस स्वच्छ दिसते आणि आपण पास म्हणून सही करतो. पुढं तीच बाटली जनावराच्या मानेत टोचली जाते, तिथं मांसात जंतुनाशक पातळ होतं आणि झोपलेला उठतो.

म्हणून गाळणी धुवायची. व्यायलेल्या म्हशींना देतात त्या ताकदीच्या एका इंजेक्शनला तीन पाणी लागतात, हे शालनताईंनीच ठरवलं होतं. मुद्दाम जंतू सोडून एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी असं सगळं करून पाहिलं होतं. दोन पाण्यांच्या नळ्या त्यांनी माझ्यासमोर उजेडात धरल्या. रस्सा सोनेरी, नितळ.

"ह्यात मी माझ्या हातानं टाकलेत," त्या म्हणाल्या. "जिवंत आहेत. दिसतायत का मास्तर?"

मला दिसत नव्हते. मी खूप वेळ पाहिलं.

"गढूळ नळीची मला भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या. "ती बोलून मोकळी होते."

त्या आतल्या खोलीत शिरल्या की एक शब्द बोलत नसत. तोंडातून हवा येते म्हणून. गाळलेल्या हवेच्या झोतापुढं बसायचं, हात संथ चालवायचे. पाणी मोजायचं ते पायानं. प्रत्येक पाण्याला डावा पाय जमिनीवर एकदा टेकवायचा. काचेबाहेर एक साक्षीदार उभा असे, त्यानं तीनही पाणी डोळ्यांनी पाहायची आणि कागदावर सही करायची. तो साक्षीदार बहुतेक वेळा मी असे. तीन-चार तास काचेबाहेर उभं राहून कुणाचा तरी पाय पाहायचा, हे काम किती कंटाळ्याचं असेल याची कल्पना करा. मी सगळ्या सह्या एकदम शेवटी ठोकून टाकत असे. हे त्यांना माहीत नव्हतं, असं मी तेव्हा समजत होतो.

एके दिवशी त्याच इंजेक्शनची एक बॅच होती. बाहेर मी, आत त्या. भोरच्या आमच्या आळीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं होतं आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून होतो. मध्येच लाईट गेली. झोत बॅटरीवर चालू राहिला, पण गाळणीतून पाणी ओढणारा पंप थांबला. पाणी अर्धवट ओढलेलं, तसंच वर राहिलं. शालनताई दोन्ही हात हवेत धरून थांबल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मी पाहत नव्हतो. लाईट आली, पंप सुरू झाला, उरलेलं पाणी खाली गेलं.

मग काचेवर टकटक झाली. मी दचकून मोबाईल खाली घेतला. शालनताई माझ्याकडे पाहत होत्या. तोंडावर मास्क, फक्त डोळे दिसत होते. त्यांनी हातमोज्यातली तीन बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या. झाली ना तीन?

मी मान हलवली.

त्या क्षणी माझ्या मनात औषध नव्हतं, म्हैस नव्हती, काही नव्हतं. ह्या बाईनं आपल्याला मोबाईल बघताना पकडू नये, एवढंच होतं. शाळेत बाईंनी "कळलं का?" विचारल्यावर हलते तशी ती मान हलली. त्यांनी गाळणी उचलून नळीत सोडली. कागदावर त्यांनी तीनची खूण केली, खाली मी सही केली.

चौदा दिवस नळी नितळ राहिली. बॅच पास झाली.

महिन्याभरानं एका दुपारी शालनताई माझ्या रश्शाच्या खोलीत आल्या. एरवी हात धुतल्याशिवाय त्या तिथं पाऊल टाकत नसत, त्या दिवशी तशाच आल्या. हातात मोबाईल होता. पडद्यावर एका बाटलीचा फोटो, औषध अर्धं संपलेलं. त्यांनी बोटांनी फोटो मोठा करून बॅच नंबर माझ्यासमोर धरला.

"मास्तर, ह्यो नंबर आपलाच हाय न्हवं?"

भाषा माहेरी गेली होती. मी नंबर वाचला. त्याच बॅचचा होता. फोटो त्यांच्या भावानं, बबननं पाठवला होता. त्यांनी तिथंच त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बबनचा आवाज डोंगरातल्या रेंजमधून तुटत तुटत येत होता.

"आक्के, थोरलीची मान लई सुजलीया. सुई टोचली तितंच. हातानं दाबलं की आतनं चरचरतंय. वैरणीला त्वांड लावंना."

शालनताईंनी विचारलं, आणखी कुणाला दिलंय?

"चारी म्हशींस्नी दिलंय की. तीन डोस द्याचेत, एक दिवसाआड. दुकानदार दुसरं औषद देत व्हता, म्या म्हनलं हेच द्या. हे आमच्या आक्कानं तपासलेलं आसतंय."

फोन बंद झाल्यावर खोलीत फक्त पलीकडच्या यंत्रांचा ठकठकाट राहिला. शालनताई माझ्याकडे वळल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"त्या दिवशी पंप थांबला व्हता. माझा पाय चुकला असंल, मला आठवत न्हाई. पण तुमी बघितलं व्हतं. तीन झाली व्हती ना?"

खरं सांगायला ती जागा होती, ती वेळ होती. बाटली अर्धी शिल्लक होती, उरलेले डोस थांबवता आले असते. पण खरं सांगायचं तर मान का हलवली हेही सांगावं लागलं असतं, आणि त्या सगळ्या कागदांवरच्या माझ्या सह्या एकेक करून डोळ्यांपुढं आल्या. नोकरी दिसली, घर दिसलं. मला इतकी भीती वाटली की जीभ आपोआप चालली.

"झाली होती," मी म्हणालो. "तीन. मी पाहिलं."

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. मग भावाला पुन्हा फोन लावून सांगितलं, की औषध चांगलं आहे, सुई उकळून घेतली नसेल म्हणून मान सुजली, जनावरांच्या डॉक्टरला बोलव, बाकीच्यांचे डोस चुकवू नकोस. मी रश्शाचं पातेलं ढवळत उभा होतो. पातेल्याखाली आच नव्हती.

तिसऱ्या दिवशी थोरली म्हैस मेली. त्याच दिवशी दुसरीची मान सुजली. शालनताई कामावर आल्या, बांगड्या बांधल्या, काम केलं, पण दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन मोबाईल पाहत. मी त्यांच्या वाटेत येणार नाही अशा बेतानं वावरत होतो. रात्रीची झोप गेली होती आणि दिवसा ऑटोक्लेव्हची शिट्टी वाजली तरी मी उडत होतो.

मग आठवडा संपायच्या आत भोंगवलीकडचे एक डॉक्टर साहेबांना भेटायला आले. जुनी ओळख होती. त्यांच्याकडे एका गाईला तसंच झालं होतं, सूज आणि आत चरचर. त्यांनी बाटली बरोबर आणली होती. साहेबांनी नंबर पाहिला आणि बाटली टेबलावर अशी ठेवली, जणू ती फुटणार होती. वेल्ह्याच्या वरची वाडी कुठं आणि भोंगवली कुठं. सुई एक नव्हती, गोठा एक नव्हता, हात एक नव्हते. एकच होता तो बॅचचा नंबर.

शालनताई साहेबांच्या खोलीत गेल्या. मलाही बोलावलं. त्यांनी सरळ सांगितलं, की पाणी दोन झाली असतील, मला खात्री नाही, आपल्याकडे राखून ठेवलेल्या बाटल्या आहेत त्या पुन्हा तपासू, पण कंपनीला आजच कळवा, दुकानातला माल उचलायला सांगा, चौदा दिवस थांबू नका. साहेब घामाघूम झाले. त्यांनी कागद काढला, त्यावरची खूण दाखवली, माझी सही दाखवली. "साक्षीदार आहे ना. ह्यांनी पाहिलंय. मग तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी फरशीकडे पाहिलं. फरशीवर शाईचा एक जुना डाग होता, त्याचा आकार मला आजही कागदावर काढून दाखवता येईल.

शालनताई थोडा वेळ थांबल्या. बहुतेक माझ्यासाठीच थांबल्या. मग म्हणाल्या, "सही त्यांची हाय साहेब. हात माझे व्हते."

साहेबांनी फोन उचलला. त्यांचं मला कौतुक वाटलं, कारण भीत भीत का होईना, त्यांनी तो उचलला.

पुन्हा तपासणी झाली तेव्हा काचेबाहेर मीच होतो. मोबाईल बाहेर कपाटात ठेवून आलो होतो. पाय टेकला, एक. पाय टेकला, दोन. पाय टेकला, तीन. त्यांनी काचेकडे पाहिलं नाही, मला काही विचारलं नाही. मी मात्र मान हलवत होतो, प्रत्येक पाण्याला, कुणी पाहत नसताना.

नंतरचे दिवस मला कुणी पुन्हा जगायला सांगितले तर मी पाया पडेन. सकाळी आलं की शालनताई इनक्युबेटर उघडत, नळ्यांचा स्टँड खिडकीशी नेत आणि एकेक नळी काळ्या कागदापुढं धरून पाहत. मी दारात उभा असे. नळी स्वच्छ राहू दे, असं मी मनात म्हणे. स्वच्छ राहिली तर पहिलाही निकाल बरोबर ठरणार होता, माझी मान बरोबर ठरणार होती. आणि लगेच आठवे, की स्वच्छ नळीनंच तर हा घात केला होता. मग काय मागावं तेच कळेना. बबनचा फोन बंद झाला होता. म्हणजे तो उचलत नव्हता. शालनताई दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावत, वाजू देत, ठेवून देत.

पाचव्या दिवशी त्या खिडकीशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. मला बोलावलं नाही, मीच पुढं गेलो. नळीच्या तळाशी, गाळणीच्या कडेला, दुधाच्या धारेसारखं काहीतरी वर चढत होतं. नळी किंचित हलवली तशी ती धार मोडली आणि सगळा रस्सा गढूळ झाला. वास घेण्याचं कारण नव्हतं, तरी मला वास आल्यासारखं वाटलं.

"आली," शालनताई म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. सुटका म्हणावी असं होतं ते.

त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. पंप थांबल्यावर पाण्यांची मोजणी चुकली, जबाबदारी माझी. चार ओळी होत्या, त्यात साक्षीदार हा शब्द नव्हता. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, मला आत बोलावलं नाही. बॅच दुकानांतून उचलली गेली. महिनाअखेर शालनताई गेल्या. काढलं की सोडलं, ते मी विचारलं नाही.

त्यांच्या शेवटच्या सोमवारी त्यांनी सगळ्यांचे हात घेतले. माझाही घेतला, उलटा केला, नखं पाहिली, बोटं टेकवून घेतली, झाकणावर नाव लिहिलं. नेहमीसारखंच. बुधवारी त्या नव्हत्या, म्हणून बशी मीच काढली. त्या दिवसांत मी हात इतके धूत होतो की कातडी सोलवटली होती. बशीवर एकही ठिपका नव्हता. मी ती कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो आणि मग घाईघाईनं ऑटोक्लेव्हमध्ये टाकली.

त्यांची खुर्ची मला मिळाली. आत आता मी बसतो. बाहेर दुसरं कुणी उभं असतं. मी पायानं मोजतो आणि तोंडानं, मास्कच्या आत, ओठ हलवूनही मोजतो. तरी गाळणी उचलताना काचेकडे पाहायची माझी हिंमत होत नाही.

दीड वर्षानं त्या मला नसरापूरच्या स्टँडवर दिसल्या. वेल्ह्याची एसटी लागायची होती. हातात पिशवी, पिशवीत माहेरी न्यायचा खाऊ असावा. बांगड्या मनगटावर होत्या. त्यांना तिथं पाहण्याची सवय नसल्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. त्यांनीच हाक मारली, "मास्तर."

एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवते म्हणाल्या. तिथंही हात मागता का, मी विचारलं. मागते, म्हणाल्या, पोरं हौसेनं देतात. मग आम्ही दोघंही रस्त्याकडे पाहत राहिलो. एसटी आत वळली, लोक उठले. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"ताई, त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं. मी मोबाईल बघत होतो."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला दिसलं व्हतं," त्या म्हणाल्या. "काचेत तुमच्या मोबाईलचा उजेड पडला व्हता."

मी खिशातल्या मोबाईलवर हात ठेवला.

"तरी तुमी मान हलवली तवा मला बरं वाटलं, मास्तर. एक पाणी आणखी टाकायला काय लागत व्हतं? पण हात भरून आले व्हते. मला तुमची मान पायजे व्हती, म्हणून म्या घेतली."

कंडक्टरनं घाई केली. त्या चढल्या, गर्दीतून वाट काढत मागच्या खिडकीशी बसल्या. मी गाडीबरोबर दोन पावलं चालत गेलो. विचारायचं एकच राहिलं होतं, दीड वर्ष राहिलं होतं.

"भावाकडं आता किती म्हशी आहेत?" मी ओरडून विचारलं.

एसटीचा आवाज मोठा होता. काच बंद होती आणि तिच्यावर धुळीचा थर होता. शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काचेपलीकडून बोटं वर केली. दोन होती, की तीन, की एकच, मला दिसलं नाही.

मी मान हलवली.